कुंजप्पाची एरियल

"खिचो रे कुंजप्पा, जोर लगाव! सकाळी जेवून आला ना?" मी उंबराच्या शेंड्यावरून ओरडलो.

"जेवून आला. तू गिरेगा तो मेरा जेवण हजम नहीं होगा," तो खालून म्हणाला, आणि त्यानं तार ओढली.

एका हातानं फांदी धरून मी तारेचं टोक सायकलच्या ट्यूबच्या तुकड्यातून काढलं आणि तो तुकडा फांदीला बांधला. उघडी तार ओल्या झाडाला लागली तर आवाज झाडातच मुरतो, एवढं मला कळत होतं. उंबरापासून कुंजप्पाच्या पत्र्याच्या खोलीपर्यंत चांगली ऐंशी फूट तार झाली. खोलीत तिचं टोक मी दातांनी सोललं आणि त्याच्या रेडिओच्या लांबणाऱ्या दांडीला चार वेढे देऊन पिळलं. कुंजप्पानं बटण फिरवलं. आठ दिवस नुसती खरखर करणाऱ्या त्या डबड्यातून एकदम शेजारी बसल्यासारखा माणूस बोलायला लागला.

कुंजप्पा खाटेवर बसला आणि रडला. मला हसू आलं. माझी कारागिरी बघून रडलेला तो पहिलाच माणूस होता.

एकाहत्तरच्या डिसेंबरातला रविवार होता. लढाई लागून नऊ दिवस झाले होते. आमचं धरणाचं काम चारी बाजूंनी डोंगर असलेल्या दरीत होतं, त्यामुळे कॅम्पवर रेडिओ असून नसल्यासारखे. कुंजप्पा केरळचा वेल्डर. कॅम्पवर त्याला सगळे मद्रासी म्हणायचे. केरळ वेगळं आणि मद्रास वेगळं, हे त्यानं पहिल्या वर्षी सांगून बघितलं, मग सोडून दिलं. त्याचा धाकटा भाऊ वासुदेवन नौदलात होता. तीन दिवसांपूर्वी आपलं एक जहाज बुडाल्याची बातमी आली, आणि वासुदेवन त्याच जहाजावर होता. घरून तार नाही, पत्र नाही. खरखरीतून कुंजप्पानं एवढंच ऐकलं होतं की जहाजावरून जिवंत वाचलेल्या केरळच्या पोरांची नावं त्यांचं स्टेशन रविवारी संध्याकाळी साडेपाचला वाचून दाखवणार आहे आणि मंगळवारी त्याच वेळेला परत.

"यल्लप्पा, वायर मंगता. लंबा वायर," असं तो शुक्रवारी माझ्या दारात येऊन म्हणाला.

वायर माझ्याकडेच मिळणार होती. मी यल्लप्पा गुंजाळ, जातीनं वडार, कामानं सुरुंगवाला. खडकाला पाडलेल्या भोकात जिलेटिनच्या कांड्या ठासायच्या, त्यात बार पेटवणारी केप बसवायची, लांबवर वायर ओढायची आणि बार उडवायचा. प्रत्येक केपेला एक लाल आणि एक पिवळी अशा दोन बारीक वायरी असतात. बार झाला की त्यांचे तुकडे खडकात विखुरलेले दिसतात. एरवी त्यांना कुणी विचारत नव्हतं. पोरं त्यांच्या गाड्या करायची, सुंदराक्काच्या खानावळीतली भाजीची पिशवी त्याच वायरीची विणलेली होती. पण लढाई लागली आणि हुकूम निघाला. वायरीचा वीतभर तुकडासुद्धा कोठारात जमा झाला पाहिजे, बाहेर सापडला तर देणारा आणि घेणारा दोघेही आत. तरीही मी दोन दिवस जेवणाच्या डब्यातून तुकडे आणले आणि एकाला एक जोडत गेलो. मला दयामाया फार होती असं नाही. माझ्यासारखा जोड अख्ख्या धरणावर कुणाला जमत नाही, याची घमेंड होती.

खोलीतून बाहेर पडलो तेव्हा सुंदराक्का पाण्याची कळशी घेऊन चालली होती. तिनं वर उंबराकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय रं यल्ला, म्हातारपनी झाडावर?"

"मद्राशाची गाणी लागत नव्हती, अक्का."

"बरं केलंस. दोन दिस जेवला न्हाई त्यो, आज सकाळी कुठं चार घास खाल्लं," ती म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी सव्वापाचच्या सुमारास मी कुंजप्पाच्या खोलीजवळच्या नळावर हातपाय धूत होतो. आमच्या मागच्या चढावरून तीस-चाळीस माणसं खाली येताना दिसली. सगळी सुरुंगाच्या आणि खडीच्या टोळीतली होती. पुढे शिदबा मुकादम. त्याच्या बोटांच्या चिमटीत मधे खाली लोंबलेली माझी तार होती आणि तो ती चाचपत चाचपत येत होता.

शिदबाबद्दल एक सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्याला नुसता राक्षस समजाल. दोन वर्षांपूर्वी त्याच्या बहिणीचा मुलगा भोकं भरत असताना कुणीतरी दुसऱ्या टोकाला वायर बॅटरीला जोडली होती. पोराचा जोडा तेवढा सापडला. तेव्हापासून जमिनीवरून कुठेही जाणारी वायर दिसली की शिदबा ती हातात धरून तिच्या शेवटापर्यंत जायचा. आणि त्या आठवड्यात तर कॅम्पवर एकच बोलणं चाललं होतं. शत्रूची माणसं धरण उडवायला आलीयत, आपल्यातच राहतायत.

"हे बघा, लाल-पिवळी," शिदबा म्हणाला. "केपंची वायर हाय. झाडापासनं ह्या खोलीत जातीया."

"झाडावर काय हाय?" कुणीतरी विचारलं.

"काय न्हाई. मी चढून बघितलं. म्हंजे माल काढून न्हेलाय. न्हेऊन धरनाच्या भिंतीत बसवलाय."

झाडावर काही नव्हतं, कारण एरियलच्या टोकाला काही नसतंच. हे सांगणारा एकच माणूस तिथं होता आणि तो नळाखाली पाय घासत बसला होता.

"आन जोड बघा," शिदबानं तार वर धरली. "बाहेरच्याचा जोड न्हाई ह्यो. आपल्यातलाच कुनीतरी फितूर हाय."

मी पाय घासायचा थांबलो. तो जोड मला शिदबानंच शिकवला होता.

त्यांनी कुंजप्पाच्या दाराला लाथ घातली. कडी नव्हतीच, दार उघडून भिंतीवर आपटलं. कुंजप्पा स्टुलावरच्या रेडिओपुढे गुडघे टेकून बसला होता. कागद-पेन्सिल घेऊन बसला होता. रेडिओतला माणूस भराभर काहीतरी वाचत होता. साडेपाच नुकतेच वाजले होते.

एवढी माणसं घरात घुसली आणि त्यानं काय केलं असेल? मागे न वळता हात वर केला आणि म्हणाला, "चुप! चुप!"

तेवढ्यानं सगळं बिघडलं. "आमाला गप म्हनतोय भाड्या!" असं ओरडून खडीच्या टोळीतल्या एकानं त्याचे केस धरले आणि त्याला फरफटत अंगणात आणलं. कुंजप्पा अंगानं दणकट होता, त्यानं एक हिसका दिला आणि तो सुटला. पळून जाईल असं वाटलं. तो परत खोलीकडे धावला. रेडिओकडे.

"बटन दाबाया चाललाय! धरा त्याला!"

पहिली पहार त्याच्या पिंढरीवर बसली. तो पडला. मग कुणी कुठे मारलं ते सांगता येत नाही. पायातल्या जाड बुटांनी मारत होते, ठासायच्या लाकडी दांड्यानं मारत होते, एकजण त्याचीच वेल्डिंगची केबल दुहेरी करून पाठीवर ओढत होता. मारणारे सगळे माझ्या ओळखीचे होते. कुणाच्या पोराच्या बारशाला मी जेवलो होतो. एकानं कुंजप्पाच्या उजव्या हातावर बूट ठेवला आणि टाच फिरवली. बोटं मोडल्याचा आवाज झाला. सुक्या फांदीवर पाय पडावा तसा. तरी तो दुसऱ्या हातानं माती ओढत दाराकडे सरकत होता. वेदनेनं ओरडत नव्हता. "सुनने दो," एवढंच म्हणत होता. "दो मिनिट सुनने दो."

सुंदराक्का मधे पडली. "आरं मरंल त्यो! गानी ऐकतो त्यो, गानी!" तिला कुणीतरी ढकललं, ती चुलाण्याच्या दगडांवर पडली आणि तिचं कपाळ फुटलं. पदरानं रक्त धरून ती उठली आणि गर्दीतून तिनं माझ्याकडे बघितलं. नुसती बघत राहिली. मी मान दुसरीकडे वळवली.

एव्हाना मी गर्दीत येऊन उभा होतो. लांब उभा राहिलो असतो तर कुणीतरी विचारलं असतं, तू का लांब?

रेडिओ दारातून स्पष्ट ऐकू येत होता. माझे जोड पक्के होते. शिदबानं हात वर करून मारणाऱ्यांना थांबवलं आणि कान दिला.

"काय सांगतोय ह्यो? यल्ला, हिकडं ये. तुमी घरात अशीच कायतरी भाषा बोलता की. काय म्हनतोय सांग."

आम्ही वडार घरात बोलतो ती तेलगूसारखी भाषा. तिचा आणि कुंजप्पाच्या भाषेचा तसा संबंध नाही. पण त्या अंगणात ते कुणाला पटवून देणार? मला भीती वाटली की आता हा आणि मी एकाच गावचे ठरणार. मला ठाऊक होतं की रेडिओवर जहाजावरून वाचलेल्या पोरांची नावं चाललीयत. मला ठाऊक होतं की ह्याचा भाऊ आपल्याच जहाजावर होता. दोन वाक्यं बोलायची होती.

"मला कळत नाही, मुकादम," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. एक शब्द कळत नव्हता मला.

"नावं वाचतोय," मागून कुणीतरी म्हणालं. "नीट ऐका, नुसती नावं वाचतोय."

"कुनाची नावं?"

"आपली! कोन कोन कामावर हाय त्यांची!"

गर्दी परत पुढे आली. शिदबानं कुंजप्पाची गचांडी धरून त्याला गुडघ्यावर बसवलं आणि तारेचा जोड त्याच्या डोळ्यांपुढे नाचवला.

"वायर कुनी दिली? नाव सांग, सोडतो. वायर किसने दिया?"

कुंजप्पाचा एक डोळा बंद झाला होता. दुसऱ्यानं तो गर्दीत शोधत होता. शोधत शोधत ती नजर माझ्यापाशी आली आणि थांबली.

"यल्लप्पा," तो म्हणाला. "यल्लप्पा..."

आणि पुढचं बोलायला त्यानं तोंड उघडलं.

मी दोन ढांगांत त्याच्यापाशी पोचलो. दोन्ही हात बाजूला नेले आणि उघडे तळवे एकदम त्याच्या दोन्ही कानांवर आणले. घणाचे हात होते माझे. फट्ट असा आवाज झाला. कानात कोंडलेली हवा काय करते ते सुरुंगवाल्याइतकं कुणाला कळत नाही. कुंजप्पाचं तोंड तसंच उघडं राहिलं, त्यातून शब्द आला नाही, आणि दोन्ही कानांतून रक्ताचा बारीक ओघळ मानेवर आला. तो आडवा झाला. तरी मी त्याच्या छातीवर बसून मारत होतो. तोंडावर, परत कानांवर. "फितूर! फितूर!" असं ओरडत होतो. मला कुणीतरी मागून ओढून काढलं. त्या अंगणात सगळ्यात जास्त मी मारलं.

धरणाचे इंजिनियर परचुरे साहेब जीपमधून पहारेकऱ्यांना घेऊन आले तेव्हा रेडिओवर नावं संपली होती. साहेबांनी तार बघितली, रेडिओ बघितला, आणि कपाळावर हात मारून घेतला.

"अरे, एरियल आहे ही! रेडिओची एरियल! तुमच्यात एकालाही समजलं नाही?"

काहींनी पहारी मागे लपवल्या.

"पण वायर केपेची आहे. कुणी दिली ह्याला?" साहेब कुंजप्पापाशी वाकले. "ए, वायर कुणी दिली?"

कुंजप्पा त्यांच्या ओठांकडे बघत राहिला. साहेबांनी तार त्याच्यापुढे धरून हातानं खूण केली, कोण? त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मोडलेल्या बोटांचा हात कसाबसा उचलून त्यानं स्वतःच्या छातीवर ठेवला.

मी मागच्या मागे गर्दीत सरकलो.

सोमवारी खानावळीत सुंदराक्कानं माझ्यापुढे ताट ठेवलं नाही. "तुझं जेवान बंद," एवढंच म्हणाली. तिच्या कपाळाला चिंधी बांधलेली होती. बाहेर येऊन पायरीवर बसलो तर शिदबा मुकादम शेजारी येऊन बसला. विडी पेटवली.

"जोड तुझा व्हता," तो म्हणाला.

मी पायरीवरची माती नखानं उकरत राहिलो.

"आंधळा झालो तरी तुझा जोड वळखीन मी. तुलाच धरनार व्हतो. पर तू आमच्यापरीस जादा मारलंस, म्हनून म्हनलं, आसू दे." त्यानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि तो कामावर गेला.

ती थाप मला सहन झाली नाही. त्यापेक्षा त्यानं पहार घातली असती तर बरं वाटलं असतं. मंगळवारी दुपारी मी परचुरे साहेबांच्या ऑफिसात गेलो.

"साहेब, तो रेडिओ आणि तार द्या."

"कशाला?"

"दवाखान्यात लावायची आहे. वायर मी दिली होती, साहेब. झाडावर मीच चढलो होतो."

साहेबांनी हातातला कागद खाली ठेवला. "आणि हे तू आज सांगतोयस?" असं म्हणून त्यांनी कपाट उघडलं. माझं लायसन्स गेलं, तीन महिने आत बसलो, ते सगळं पुढे झालं. त्या दिवशी त्यांनी रेडिओ दिला.

कॅम्पच्या दवाखान्यासमोर पाण्याची टाकी होती. भर दुपारी सगळ्यांच्या देखत मी तिच्यावर चढलो आणि तार बांधली. खाली शिदबाची टोळी उभी होती. तारेचं टोक खिडकीतून आत घेतलं. कुंजप्पाच्या दोन्ही कानांवर कापसाचे बोळे आणि पट्टी होती. डॉक्टर म्हणाले होते की पडदे फाटलेत, भरून आले तर आले, आत्ता तोफ उडवली तरी त्याला ऐकू जाणार नाही.

मला बघून तो घाबरेल, अंगावर थुंकेल, असं वाटलं होतं. तो उठून बसायला लागला. रेडिओ बघून त्याचा चेहरा उजळला. बहिऱ्या माणसाला स्वतःचा आवाज समजत नाही, तसा तो फार मोठ्यानं बोलला.

"यल्लप्पा! उस दिन मैं बोला, तू सुन! मेरे को मारते थे, मैं कैसे सुनेगा? तेरे को बोला, यल्लप्पा, तू सुन. वासुदेवन बोला क्या? तू सुना क्या?"

त्या दिवशी त्यानं तोंड उघडलं ते ह्यासाठी. माझं नाव सांगायला नाही. माझ्यावर काम सोपवायला. आणि मी नावं चालू असताना त्याच्या कानांवर मारत बसलो होतो. वासुदेवनचं नाव आलं असेल तर ते माझ्याच ओरडण्यात गेलं.

मी मान हलवली, नाही ऐकलं. घड्याळाकडे बोट दाखवलं. आज परत. मी ऐकतो.

साडेपाचला त्यानं चांगला हात रेडिओच्या जाळीवर ठेवला आणि डोळे माझ्या तोंडावर लावले. आवाज त्या दिवसापेक्षा स्वच्छ होता. नावं सुरू झाली. भाषा कळत नव्हती तरी नावं कळत होती. नायर, पिल्लै, थॉमस, परत नायर. प्रत्येक नावाला मी ओठ हलवून ते म्हणत होतो आणि तो माझ्या ओठांवरून ते वाचत होता. एका नावाला सुरुवातीला 'व' आला, तेव्हा तो खाटेवरून अर्धा उठला. वर्गीस निघाला. तो परत बसला. मी पाठीचा कणा ताठ करून ऐकत होतो. आयुष्यात कुठलीच गोष्ट मी एवढी मन लावून ऐकली नाही.

मग वाचणारा माणूस थांबला. एक वाक्य बोलला आणि गप्प झाला. पेटी वाजायला लागली, कुणी बाई गाऊ लागली.

जाळीवर ठेवलेल्या हाताला थरथर लागत होती. ती बोलण्याची की गाण्याची, हे त्याला कळायला मार्ग नव्हता.

"अभी बोल रहा है?" त्यानं मोठ्यानं विचारलं. "नाम बोल रहा है?"

मी मान हलवली. हो. अजून वाचतायत. आणि ओठ हलवायला लागलो. नायर म्हणालो, थॉमस म्हणालो, माझ्या मामाचं, मेव्हण्याचं, आठवतील ती नावं म्हणत गेलो. बाई गात होती आणि तो माझ्या तोंडाकडे बघत वाट पाहत होता.